मीना कोणाचा? दागिन्याची पाठ आणि एक निरर्थक भांडण

१/
समाजमाध्यमांवर एका जुन्या पदकाची दोन छायाचित्रे येतात. पहिल्यात हिऱ्यांच्या पाकळ्या, माणकाची कळी, पाचूचे पान. दुसऱ्यात तेच पदक उलटे ठेवलेले: शुभ्र पृष्ठभागावर लाल फुले, हिरवी पाने, डहाळीवर बसलेला पोपट. ही पाठ म्हणजे मीनाकाम. तासाभरात त्या फुलांखाली प्रतिक्रियांचे रणांगण उभे राहते.

२/
पहिला पक्ष म्हणतो, ही मुघलांची देणगी. दुसरा म्हणतो, ही प्राचीन भारतीय कला. मुघलांनी फक्त स्वतःचा शिक्का मारला. तिसरा म्हणतो, शब्दच फारसी आहे, तेव्हा कला इराणची. तिन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडतात, पण दोन बाबतींत त्यांचे पूर्ण एकमत असते: पुरावा तपासायचा नाही आणि दागिना घडवणाऱ्याचा उल्लेख करायचा नाही.

३/
या धाग्याचे म्हणणे असे की, भांडणाचा मूळ प्रश्नच चुकीचा आहे. 'ही कला कोणत्या घराण्याची?' असे विचारले की उत्तरात फक्त सिंहासने दिसतात. 'ही कला कोणाच्या हातांनी, कोणत्या वाटेने आली आणि कोणी जगवली?' असे विचारले की पुरावा बोलू लागतो. त्या पुराव्यात तिन्ही पक्षांची पंचाईत करणारे बरेच काही आहे.

४/
आधी वस्तू समजून घ्यावी. मीना म्हणजे रंगीत काच. काचेची पूड धातूवर पसरून भट्टीत साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सिअसला वितळवली की ती धातूला कायमची चिकटते. रंग येतो धातूंच्या संयुगांतून: कोबाल्टने निळा, तांब्याने हिरवा. भारतीय पद्धतीत सोन्याचा पत्रा कोरून खळगे करतात, त्यात ही पूड भरतात आणि भाजून मग घासून चमकवतात.

५/
सगळे रंग एकाच वेळी भाजता येत नाहीत. ज्याला जास्त उष्णता लागते तो आधी, नाजूक तो नंतर. जयपुरी परंपरेत पांढरा आधी आणि लाल सर्वांत शेवटी चढतो. भट्टीत थोडी जास्त आच लागली की लाल काळवंडतो आणि आठवड्यांची मेहनत वाया जाते. त्या पाठीवरचे प्रत्येक लाल फूल म्हणजे भट्टीतून सुखरूप परतलेला एक जीव आहे.

६/
आता दुसऱ्या पक्षाचा दावा: 'हे तर हजारो वर्षांपासून होते.' पुरावा म्हणून तक्षशिलेच्या किंवा त्याहून जुन्या रंगीत दागिन्यांची छायाचित्रे डकवली जातात. त्या दागिन्यांचे सौंदर्य वादातीत आहे. पण त्यांतले रंग बहुतांशी जडवलेल्या खड्यांचे आहेत. खडा कापून खोबणीत बसवणे हे एक तंत्र. काचेची पूड धातूवर वितळवणे हे वेगळे तंत्र. दोन्ही रंगीत दिसतात म्हणून दोन्ही मीना ठरत नाहीत.

७/
'जुने नमुने सापडत नाहीत, कारण ते आक्रमकांनी लुटले,' हा पुढचा बचाव. त्यात अर्धे तथ्य आहे. भारतात सोने सतत आटवले गेले: लुटीत, दुष्काळात, लग्नकार्यात, फॅशन बदलली म्हणूनही. त्यामुळे जुना दागिना टिकणे हाच अपवाद. पण 'पुरावा नष्ट झाला असू शकतो' आणि 'पुरावा होता' ही दोन विधाने एक नव्हेत. रिकाम्या पेटीतून हवे ते बाहेर काढणे ही जादूगाराची कला आहे, इतिहासकाराची नव्हे.

८/
पहिल्या पक्षाने एवढ्यात टाळ्या वाजवू नयेत. 'मुघलांनी मीनाकारी आणली' हे वाक्यही तितकेच पोकळ आहे. बाबराच्या सामानात मीन्याची भट्टी असल्याचा कसलाही पुरावा नाही. मीनाकाराचा स्पष्ट उल्लेख मिळतो तो अकबराच्या काळात: अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त दरबारच्या कारागिरांची यादी दिली आहे, तीत सोन्याचांदीच्या वस्तूंवर काम करणाऱ्या मीनाकाराची स्वतंत्र नोंद आहे.

९/
म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस ही कला दरबारी कारखान्यात रुळलेली होती. मग ती तिथवर आली कुठून? इथे प्रकरण अनपेक्षित दिशेला वळते, आणि ती दिशा मराठी वाचकाच्या घराजवळची आहे: गोवा.

१०/
'अकबरनामा' सांगतो की १५७५ मध्ये अकबराने हाजी हबीबुल्ला याला गोव्याला पाठवले. सोबत मोठी रक्कम आणि निवडक कारागीर दिले. पोर्तुगिजांकडच्या दुर्मीळ वस्तू आणायच्या आणि कारागिरांनी तिथल्या कला शिकून यायच्या, असा दुहेरी हेतू होता. सुमारे दोन वर्षांनी ही मंडळी परतली, तेव्हा त्यांच्याबरोबर युरोपीय वस्तू होत्या, वाद्ये होती आणि नवी कौशल्येही होती.

११/
त्या काळच्या युरोपीय रत्नपदकांची एक खूण लक्षात घ्यावी: समोर रत्ने, पाठीवर मीना. मुघल दागिन्यांतही नेमकी हीच रचना दिसते. या साम्यावरून आणि गोव्याच्या मोहिमेवरून काही कला-इतिहासकार असे अनुमान करतात की, मुघल मीनाकामाच्या घडणीत युरोपीय, म्हणजे व्यवहारात गोव्यामार्गे आलेल्या, तंत्राचा हात असावा. हे अनुमान आहे, पण दस्तऐवज आणि वस्तू या दोन पायांवर उभे असलेले अनुमान आहे. प्रतिक्रियांतल्या गर्जनांना एकही पाय नसतो.

१२/
'म्हणजे शेवटी सगळे गोऱ्यांकडूनच आले का?' हा प्रश्न आता येणारच. त्याचे उत्तरही गोव्यातच आहे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोव्याचा एक सोनार थेट लिस्बनला गेला आणि पोर्तुगालच्या राजासाठी त्याने काम केले. पोर्तुगीज कागदांत त्याचे नाव 'राउलु शातिं' असे येते. कोकणी-मराठी कानाला त्यात रावळू शेट सहज ऐकू येतो.

१३/
ज्या राजाच्या आरमाराने गोवा घेतला, त्याच राजाला गोव्याच्या सोनाराची बोटे हवीशी वाटली. म्हणजे समुद्रावरची ही वाट दुतर्फा होती. जहाजे एका बाजूने नमुने आणत होती, दुसऱ्या बाजूने कसब नेत होती. 'देणारा' आणि 'घेणारा' असे दोन ठोकळे करून या व्यवहाराचा इतिहास लिहिताच येत नाही.

१४/
राहिला तिसरा पक्ष. 'मीना' हा शब्द फारसी आहे, काच असा त्याचा अर्थ आहे, हे खरेच. पण शब्दाचे मूळ म्हणजे वस्तूचे मूळ नव्हे. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगिजांकडून मराठीत आला. म्हणून बटाटेवडा लिस्बनचा ठरत नाही. बटाट्याचे पीक तर पोर्तुगालचेही नव्हते, ते दक्षिण अमेरिकेतून आलेले. शब्द शेवटच्या दलालाचे नाव सांगतो, मूळ शेतकऱ्याचे नाही.

१५/
दरबाराची भाषा फारसी होती, तेव्हा दरबारी नोंदीत कारागिराला फारसी नाव मिळणे स्वाभाविक होते. इराणी अभिरुचीचा मुघल कलेवर खोल परिणाम झाला, हे कोणी नाकारत नाही. पण एकट्या शब्दावर कलेची अख्खी मालकी बहाल करायची, तर मराठीतल्या 'चावी'वरही पोर्तुगालचा सातबारा काढावा लागेल.

१६/
या वादात एकदा पूर्वेकडेही पाहावे. चीनचा निळा मीना आज जगभर 'चिनी' म्हणूनच ओळखला जातो. पण १३८८ च्या एका चिनी ग्रंथात या कामाला 'दाशी' भांडी, म्हणजे पश्चिमेकडच्या मुस्लिम देशांतली भांडी, असे म्हटले आहे. त्यानंतर जेमतेम सत्तर वर्षांत, जिंगताई सम्राटाच्या काळात (१४५०–१४५७), ही कला चीनमध्ये इतकी बहरली की आजही तिला त्याच कालखंडाच्या नावाने ओळखतात.

१७/
जपानची कथा याहून बोलकी आहे. १८३० च्या दशकात नागोयाजवळच्या काजी त्सुनेकिची या कारागिराने बाहेरून आलेली मीन्याची वस्तू अक्षरशः उकलून पाहिली आणि तंत्र शोधून काढले. पुढच्या दोन पिढ्यांत जपानी मीनाकाम युरोपच्या प्रदर्शनांत गाजू लागले. आज त्याला कोणी 'उसने' म्हणत नाही. उसने घेतलेले परत करावे लागते; शिकलेले परत करावे लागत नाही.

१८/
आता त्या फुलांकडे वळू या, कारण तिथेही एक गोड गैरसमज बसला आहे. 'निसर्गातून थेट प्रेरणा' असे प्रत्येक विक्रेता लिहितो. मुघल दरबाराला फुलांचे वेड होते यात शंका नाही. १६२० मध्ये जहांगीर काश्मीरच्या वसंतात रमला. तिथल्या शंभराहून अधिक फुलांची चित्रे उस्ताद मन्सूरने काढली, असे तो आत्मचरित्रात नोंदवतो. मन्सूरचा लाल ट्यूलिप आज अलीगढच्या संग्रहात आहे.

१९/
पण त्या ट्यूलिपची ठेवण बारकाईने पाहावी. एकच झाड, मोकळ्या पार्श्वभूमीवर, बाजूने दाखवलेले, प्रत्येक पान सुटे. ही मांडणी बागेत दिसत नाही. ती युरोपातल्या वनस्पतिग्रंथांच्या छापील पानांवर दिसते. असे ग्रंथ व चित्रे पाद्र्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या हातून दरबारात पोहोचत होती. रॉबर्ट स्केल्टन यांनी १९७२ मध्ये हा संबंध साधार मांडला. डोळा काश्मीरचा, चौकट युरोपच्या छापखान्याची, कुंचला मन्सूरचा.

२०/
शाहजहानच्या काळात हेच फूल सर्वत्र पसरले: ताजमहालाच्या संगमरवरी भिंतीवर, गालिच्यावर, पटक्यावर, खंजिराच्या मुठीवर आणि दागिन्याच्या पाठीवर. त्यातली अनेक फुले वनस्पतिशास्त्रज्ञाला ओळखता येत नाहीत. पाकळी एका फुलाची, पान दुसऱ्याचे. निसर्ग होताच, पण तो कागदातून, दगडातून आणि कारागिराच्या सवयीतून गाळून आलेला होता.

२१/
मग जयपूरचे काय? परंपरा सांगते की आमेरच्या राजा मानसिंगाने (राज्यकाल १५८९–१६१४) लाहोरहून पाच मीनाकार आणले. जयपूरच्या राजसंग्रहातली मीनाकामाची एक काठी परंपरेने त्याचीच मानली जाते. मात्र 'मानसिंगाच्या जयपूर दरबारात' असे लिहिणाऱ्यांनी दिनदर्शिका पाहावी: जयपूर शहर वसले १७२७ मध्ये, मानसिंगाच्या मृत्यूनंतर शंभरहून अधिक वर्षांनी.

२२/
तरीही त्या परंपरेचा आशय महत्त्वाचा आहे. कला राजाज्ञेने उगवली नाही. ती माणसांबरोबर चालत आली. लाहोरच्या कुटुंबांनी आमेरला, मग जयपूरला भट्टी पेटवली. पांढऱ्यावर लाल-हिरवी फुले हा जयपूरचा बाज पक्का झाला. लखनौने चांदीवर निळा-हिरवा खुलवला, बनारसने गुलाबी मीना रंगवला. दरबार बदलले, काही लयाला गेले. भट्टी घरात होती, म्हणून विझली नाही.

२३/
एका दागिन्यामागे किती हात असत ते मोजावे. चितेरा नक्षी आखतो. सोनार अंग घडवतो. कोरणारा खळगे काढतो. मीनाकार काच भरून भाजतो. मग जडिया कुंदन करतो, म्हणजे शुद्ध सोन्याचा मऊ पत्रा दाबून रत्ने बसवतो. हे शेवटी, कारण भट्टीची आच रत्नांना सोसत नाही. अखेर पटवेकरी रेशमात ओवतो. सहा माणसे, आणि छायाचित्राखाली नाव फक्त बादशहाचे.

२४/
यावर एक गंभीर आक्षेप घेता येतो: उगम शोधणे हे तर इतिहासाचे कामच आहे, त्याची टिंगल का? उगम जरूर शोधावा. या धाग्याचा निम्मा भाग तेच करतो. आक्षेप आहे तो उगमाचे खरेदीखत करण्याला. कला कोणत्या वाटेने आली हे शोधल्यावर ज्ञान वाढते. ती कोणाच्या बापाची हे ठरवल्यावर फक्त आवाज वाढतो.

२५/
दुसरा आक्षेप: आश्रयदाता नसता तर कला जगली असती का? प्रश्न रास्त आहे. सोने, रत्ने आणि सवड यांसाठी धनको लागतोच, आणि मुघल व राजपूत दरबारांनी ते पुरवले हे मान्य केलेच पाहिजे. पण पैसा पुरवणारा आणि ज्ञान जपणारा हे दोन वेगळे धनी आहेत. पहिल्याचे नाव तवारिखांत आहे. दुसऱ्याचे बहुतेकदा कुठेच नाही. म्हणून त्याच्या वतीने थोडे जोराने बोलावे लागते.

२६/
या भांडणाचा सर्वाधिक लाभ होतो बाजाराला. जयपूरच्या कारखान्यांनी तेच नमुने पिढ्यान्‌पिढ्या, विसाव्या शतकापर्यंत घडवले. त्यामुळे केवळ नक्षीवरून काळ ठरवणे कठीण. पण 'मुघलकालीन' हा शब्द चिकटवला की किंमत चढते. एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या मीनाकाराने स्वतःच्या हिमतीवर केलेले उत्तम काम विकण्यासाठी त्याच्याकडूनच त्याचे शतक हिरावून घेतले जाते.

२७/
टिकण्याचा इतिहासही असाच उलटासुलटा आहे. १७३९ मध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली. त्या लुटीतला काही भाग त्याच्या वकिलातीने १७४१ मध्ये रशियाच्या दरबाराला नजर केला. म्हणूनच सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आज मीनाकाम केलेल्या मुघल वस्तू सुस्थितीत आहेत. लुटीतले जे भेट ठरले ते वाचले. जे निव्वळ सोने ठरले ते मुशीत गेले. वस्तूचे भवितव्य ठरवणारा प्रश्न तेव्हाही हाच होता: ही कला आहे की वजन?

२८/
तोच प्रश्न आज मराठी शहरांतल्या सराफी पेढ्यांवर रोज विचारला जातो. आजीचा जुना दागिना मोडीत येतो. सराफ तो कसाला लावतो, तराजूत घालतो. खडे वजा, लाख वजा, मीना वजा. घडणावळ पूर्वीच बुडालेली. ज्या रंगीत काचेसाठी कोणीतरी श्वास रोखून भट्टीपुढे बसला होता, ती त्या हिशेबात चक्क घट म्हणून मोजली जाते. दागिना आटतो, आणि त्याची एकही नोंद उरत नाही.

२९/
१९७२ चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू देशाबाहेर नेण्यावर कडक निर्बंध घालतो. ते योग्यच. पण देवघराच्या कपाटातून निघून चार गल्ल्या पलीकडच्या मुशीत जाणाऱ्या दागिन्याला सीमाशुल्क अधिकारी कुठे भेटतो? परदेशी संग्रहालयांतल्या वस्तूंसाठी हळहळणारे घराघरांतला हा रोजचा ऱ्हास मात्र पाहत नाहीत, कारण त्यात दोष देण्यासाठी कोणी परका सापडत नाही.

३०/
सगळे दागिने जपून ठेवा, असा उपदेश करणे अन्यायाचे होईल. सोने हा अनेक घरांचा शेवटचा आधार आहे. रुग्णालयाचे बिल इतिहासाने भागत नाही. पण मोडीत घालण्यापूर्वी दहा मिनिटे कोणालाही काढता येतात. दागिन्याच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, शेजारी मोजपट्टी ठेवून. वजन लिहावे. तो कोणाचा, कोणत्या गावाहून आला, कोणत्या लग्नात मिळाला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून तारखेसह लिहावे.

३१/
पाठीवर कारागिराची किंवा पेढीची खूण असेल तर तिचे वेगळे छायाचित्र घ्यावे. खळग्यातला मीना निखळला असेल तर तोही टिपावा; तुटलेल्या जागी तंत्र अधिक स्पष्ट दिसते. अशा शंभर घरगुती नोंदी एकत्र आल्या, तर महाराष्ट्रात कोणता मीना कुठून येत होता, याचा एक नकाशा उभा राहू शकेल. तो आजवरच्या सगळ्या प्रतिक्रियांहून अधिक उपयोगी ठरेल.

३२/
पुढच्या वेळी अशा पदकाखाली 'आमचे की त्यांचे' हा खेळ सुरू झाला, की दोनच प्रश्न विचारावेत. पाठीचे छायाचित्र आहे का? आणि हे कोणत्या गावच्या कारखान्यात घडले असावे? या प्रश्नांवर बहुतेक गर्जना थांबतात. ज्या थांबणार नाहीत, त्यांना फुलांशी कर्तव्य नव्हतेच.

(धागा समाप्त)